'फील्ड' पृथ्वीपासून आला का? एका शब्दनोंदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका छोट्या मराठी मासिकात शब्दांच्या व्युत्पत्तीचं एक पान असतं. ते पान छापायला जाण्याआधी तपासणं हे माझं काम. खाली सांगतो ते प्रकरण त्याच पानावर घडलं. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत, शब्दांचे तपशील मात्र जसेच्या तसे.

लेख होता माळावरच्या शब्दांचा. लिहिणारे निवृत्त भूगोल शिक्षक, त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो. माळ आणि माळरानापासून सुरुवात करून सर रशियाच्या स्टेपवर गेले, तिथून अर्जेंटिनाच्या 'पंपा' या गवताळ मैदानावर आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेच्या वेल्डवर उतरले. वेल्डपाशी त्यांनी तीन वाक्यं लिहिली होती. वेल्ड, इंग्रजी फील्ड आणि जर्मन फेल्ड हे एकाच घरातले शब्द आहेत. त्या सगळ्यांच्या मागे आद्य-जर्मानिक भाषेतला *फेल्थँ हा शब्द आहे. आणि *फेल्थँ हा संस्कृत 'पृथ्वी'पासून आला.

पहिली दोन वाक्यं बरोबर होती. सगळं प्रकरण तिसऱ्याचं आहे.

शब्दाआधीच्या * या फुलीबद्दल आधी सांगायला हवं. आद्य-जर्मानिक ही इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, गॉथिक या भाषांची आजी. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात ती बोलली जात होती, पण तिचं लेखन हाती नाही. नातींच्या चेहऱ्यांवरून आजीचा चेहरा काढायचा आणि 'हा काढलेला आहे, सापडलेला नाही' हे सांगायला शब्दाआधी फुली मारायची. एकोणिसाव्या शतकात श्लायखर या जर्मन पंडिताने ही पद्धत रूढ केली. *फेल्थँ मधला 'थ' आपल्या 'थंडी'तला नव्हे, तर इंग्रजी 'थिन'मधला, जीभ दातांशी ठेवून हवा सोडणारा. शेवटचा स्वर नाकातला.

अडचण

'संस्कृतपासून आला' एवढीच चूक असती तर काम दोन मिनिटांचं होतं. संस्कृत ही या शब्दांची आई नाही, मावशी आहे, असं एक वाक्य बदललं की झालं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, कारण मुळात 'फील्ड' आणि 'पृथ्वी' हे भाऊबंद तरी आहेत का, हाच प्रश्न होता. अशी जोडी पुष्कळ ठिकाणी बिनधास्त दिलेली असते. ती साफ खोटी नाही, म्हणूनच धोक्याची.

हातात चार दिवस होते आणि अर्ध्या पानाची जागा. संपादक ताईंचं म्हणणं सरळ होतं: "वाचकाला पृथ्वी हवीय. ती काढलीत तर त्या परिच्छेदात उरतं काय?"

समोरचे पर्याय

एक वाट म्हणजे 'पासून'च्या जागी 'शी नातं' घालायचं आणि पुढे जायचं. दुसरी, पृथ्वीचा उल्लेखच कापायचा. तिसरी, नातं नेमकं किती लांबचं आहे ते शोधून तेवढंच छापायचं. पहिल्या वाटेने वाद झाला नसता आणि कोणी पत्रही लिहिलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तिसरी घेतली, कारण सरांनी फोनवर एक वाक्य टाकलं: "नियम असेल तर दाखवा, मग काढतो."

साक्षीदार मोजताना

शब्द आद्य-जर्मानिकपर्यंत नेण्याएवढे साक्षीदार आहेत का, हे आधी पाहायचं होतं. सरांच्या यादीत सहा होते: इंग्रजी, जर्मन, डच, फ्रिशियन, स्वीडिश 'फेल्ट' आणि डॅनिश 'फेल्ट'. शेवटचे दोन गळाले. ते उत्तर जर्मनीच्या व्यापारी भाषेतून मध्ययुगात तिकडे गेलेले उसने शब्द आहेत. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, हा शब्द मिळतच नाही. टिकला असता तर त्याचं रूप 'फेल' झालं असतं, कारण त्या भाषेत 'ल्थ'चा 'ल्ल' होतो: सोन्याला 'गुल', रानटीला 'विल्'. आणि 'फेल' म्हणजे नॉर्समध्ये डोंगर! माळ आणि डोंगर एकाच उच्चारात कोंबण्यापेक्षा लोकांनी एक शब्द सोडून दिला असेल, असं मला वाटतं. हा माझा तर्क. तो छापला नाही.

गॉथिकमध्येही शब्द नाही. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिकमध्ये आणलं, त्याची चांदीच्या शाईतली प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे. 'रानातली फुलं पाहा' या ओळीत तिथे 'हैथि' हा वेगळाच शब्द येतो, इंग्रजी 'हीथ'चा भाऊ.

म्हणजे खात्रीचे साक्षीदार फक्त पश्चिमेकडचे. बाहेरचा एक मात्र उपयोगी पडतो: फिन्निशमधला 'पेल्तो', म्हणजे शेत. फिन्निश लोकांनी जर्मानिक शेजाऱ्यांकडून फार पूर्वी शब्द घेतले आणि जुनी रूपं जपून ठेवली. राजा या अर्थाचा त्यांचा 'कुनिंगास' पाहिला की आद्य-जर्मानिक *कुनिंगाझ ऐकू येतो. पण या साक्षीदाराकडूनही जेवढं ठाऊक आहे तेवढंच काढून घ्यावं. जुन्या फिन्निशला 'फ' नव्हता, त्यामुळे मूळ शब्द 'फ'ने सुरू होत होता की त्याआधीच्या 'प'ने, हे 'पेल्तो' सांगू शकत नाही. तो फक्त एवढं सांगतो की शब्द खूप जुना आहे आणि त्यात 'ए' आणि 'ल' आहेत.

इथला निर्णय: 'आद्य-जर्मानिक' ठेवायचं, पण 'पश्चिमेकडच्या भाषांत टिकलेला' हे शब्द जोडायचे. सर कुरकुरले नाहीत.

'थ' कशावरून?

इंग्रजी फील्ड, जर्मन फेल्ड, डच वेल्ड. सगळीकडे 'ड' दिसतो. मग पंडित मुळात 'थ' का धरतात? मला या प्रकरणातली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते, आणि जर्मन शिकणाऱ्या कुणालाही ती घरबसल्या तपासता येईल.

इंग्रजीने 'ल्थ' आणि 'ल्ड' दोन्हींचा 'ल्ड' करून टाकला, म्हणून इंग्रजीकडून कळत नाही. जर्मनने मात्र फरक ठेवला. इंग्रजी 'ओल्ड' आणि 'कोल्ड' यांचे जर्मन सोबती 'आल्ट' आणि 'काल्ट', म्हणजे 'ट'. तर 'गोल्ड' आणि 'वाइल्ड' यांचे सोबती 'गोल्ड' आणि 'विल्ड', म्हणजे 'ड'. गॉथिक पाहिली की उलगडा होतो: सोनं तिथे 'गुल्थ' आहे. जिथे जर्मनमध्ये 'ड', तिथे मुळात 'थ'. जर्मन माणूस बोलताना शेवटचा 'ड' कडक करतो, त्यामुळे फेल्ड कानाला 'फेल्ट' लागतो. पण अनेकवचन 'फेल्डर' ऐकलं की 'ड' उघडा पडतो.

इथे आपल्याकडची वेदपाठ्यांची शिस्त कामाला येते. जर्मनमध्ये वडील 'फाटर' आणि भाऊ 'ब्रूडर'. संस्कृतमध्ये पितृ आणि भ्रातृ, दोन्हीकडे 'त'. मग जर्मनमध्ये एकीकडे 'ट' आणि दुसरीकडे 'ड' का? कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1875 मध्ये याचं उत्तर काढलं (ते छापलं गेलं 1877 मध्ये) आणि ते मिळालं वैदिक स्वरांत. वेदात 'भ्राता'चा उदात्त, म्हणजे उंच, जोराचा स्वर, पहिल्या अक्षरावर आहे, 'पिता'चा शेवटच्या. उदात्त 'त'च्या लगेच आधी असेल तर 'त'चा 'थ' होतो आणि तसाच राहतो. पुढे असेल तर तो मऊ होऊन 'द'कडे झुकतो (जर्मनने नंतर या 'द'चा 'ट' केला). आपल्या वेदपाठ्यांनी मान वर-खाली करत जपलेला स्वर युरोपातल्या कोड्याची किल्ली निघाला.

फेल्ड हा 'ब्रूडर'च्या बाजूचा. म्हणजे आद्य-जर्मानिकच्याही आधी, संस्कृत आणि जर्मानिक यांच्या समान पूर्वज भाषेच्या, भारोपीय काळात, याचा जोर पहिल्या अक्षरावर होता. ही गोष्ट पुढे लागते.

पृथ्वी नेमकी कुणाची बहीण?

भारोपीय व्यंजनं जर्मानिकमध्ये कशी बदलली ते सांगणाऱ्या ग्रिमच्या नियमाने 'फ'च्या जागी 'प' ठेवा आणि 'थ'च्या जागी 'त'. मूळ रूप 'पेल्त' असं काहीसं होतं. पृथ्वीतही 'प' आहे, 'थ' आहे, आणि अर्थ 'पसरलेली'. सर म्हणाले, "झालंच की." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण स्वराची जागा जुळत नाही. संस्कृत धातू 'प्रथ्', म्हणजे पसरणे. त्यात स्वर 'र'च्या नंतर आहे, ग्रीक 'प्लातुस'मध्ये 'ल'च्या नंतर. फील्डमध्ये मात्र तो 'ल'च्या आधी आहे. 'प्रथ्'चा जर्मानिक वंशज 'फ्ले-', 'फ्ला-' असा दिसायला हवा, आणि तसा तो आहेही: जर्मन 'फ्लाडेन', म्हणजे पसरलेली पोळी. गाईच्या शेणाच्या पोलाही जर्मन लोक 'कूफ्लाडेन' म्हणतात. हे सरांना सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता, मग हसू आलं. पृथ्वीचं खात्रीचं नातं सापडलं, पण शेणाच्या पोशी.

प्रतिष्ठेचं नातंही आहे. जुन्या इंग्रजीत 'फोल्दे' म्हणजे भूमी. सातव्या शतकातल्या कॅडमन या इंग्रज कवीच्या स्तोत्रात तो शब्द येतो. नॉर्समध्ये 'फोल्द', जो नॉर्वेच्या व्हेस्टफोल्द आणि ऑस्टफोल्द या प्रांतनामांत अजून टिकून आहे. याचं आद्य रूप *फुल्दो. संस्कृत 'ऋ'च्या जागी जर्मानिकमध्ये 'उल' येतो हे 'वृक' आणि 'वुल्फ' या जोडीवरून माहीत आहे, तेव्हा 'पृथ्' आणि 'फुल्द' जुळले. शेवटी 'थ' नसून 'द' आहे, म्हणजे जोर पुढे होता, आणि वेदात 'पृथिवी'चा उदात्त शेवटच्या अक्षरावरच आहे. प्रत्यय वेगवेगळे असल्याने दोन्ही शब्द हुबेहूब एक नाहीत, पण धातू एकच. हुबेहूब जोडी हवी असेल तर ती केल्टिकमध्ये, म्हणजे आयरिश-वेल्शच्या घराण्यात, आहे: फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताचं जुनं नाव 'लितावी'. केल्टिकने आरंभीचा 'प' टाकून दिला, बाकी शब्द पृथिवीच.

मग फील्डचं काय? त्याला 'पेल्ह' हा वेगळा धातू धरणं सोपं जातं. अर्थ सपाट, उघडा, रुंद. यातूनच स्लाव्ह भाषांतला 'पोले', म्हणजे शेत-मैदान, आणि लॅटिन 'प्लानुस', ज्यातून इंग्रजी 'प्लेन' आला. या धातूतला 'ह' संस्कृतात किंवा जर्मनमध्ये दिसत नाही. सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने 1879 च्या प्रबंधात असे हरवलेले ध्वनी निव्वळ गणिताने मांडले होते. पुढे तुर्कस्तानातल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती भाषा वाचली गेली आणि तिथे 'पल्हि' सापडला: अर्थ रुंद, 'ह' जागच्या जागी. जर्मानिकने असा मधला 'ह' मागमूस न ठेवता गिळला. संस्कृत 'दुहिता'मधली 'इ' त्याच गिळलेल्या ध्वनीची खूण आहे, जर्मन 'टोख्टर'मध्ये तिथे काहीच नाही.

'प्रथ्'चा धातू हा 'पेल्ह'ला काही जोडून झालेला असावा, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर फील्ड आणि पृथ्वी एकाच पणजोबांची, पण भाऊ-बहीण नव्हेत. आम्ही छापायला जे नातं धरलं ते हेच.

मध्येच आलेला 'फड'

तिसऱ्या दिवशी सरांचा नवा मुद्दा आला. "उसाचा फड, कुस्तीचा फड. मोकळी जागाच ना? फड आणि फेल्ड!"

मी ठामपणे सांगितलं की जर्मानिक 'फ' मूळ 'प'पासून येतो, तेव्हा आपल्याकडचा भाऊ 'प'ने सुरू व्हायला हवा. सर लगेच म्हणाले, "मग पनसचा फणस कसा झाला?"

बरोबर होतं त्यांचं. मराठीत आरंभीचा 'प' कधीकधी 'फ' होतो. म्हणजे माझा नियम 'फड'ला एकट्याने बाद करू शकत नव्हता. फरक एवढाच की फणसामागे पनस लिहिलेला सापडतो, साखळी हाताला लागते. 'फड'पासून 'पेल्ह'पर्यंत अशी एकही कडी आमच्याकडे नव्हती. आवाज जुळला आणि अर्थही थोडा जुळला, एवढ्यावर भाऊबंदकी लावली तर कुणीही कुणाचा वारस निघेल. फड वगळला. पण 'प'चा नियम मी ज्या तोऱ्यात सांगितला होता, तो तोरा चुकीचा होता.

काय छापलं

छापलेला मजकूर असा होता: 'फील्ड, फेल्ड, वेल्ड हे आद्य-जर्मानिक *फेल्थँचे वंशज. मूळ अर्थ शेत नव्हे, माळ: जंगल नसलेली उघडी जमीन. शेफिल्ड म्हणजे शीफ नदीकाठचा माळ. आफ्रिकेतल्या वेल्डने तो जुना अर्थ राखला, इंग्रजी फील्डला पुढे कुंपण पडलं. पृथ्वी ही या शब्दाची लांबची नातलग. तिची सख्खी मंडळी जुन्या इंग्रजी "फोल्दे"त आहेत.'

'शेत'चं 'माळ' केलं तेव्हा लेख आपोआप सरांच्या विषयावर परत आला, याचं त्यांना सर्वांत जास्त समाधान. पृथ्वीच्या चौकटीत त्यांनी स्वतः शोधून यास्काचा दाखला घातला. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात, आक्षेप घेणारा विचारतो की पृथ्वी पसरली म्हणून पृथ्वी, तर तिला पसरलं कोणी, आणि कशावर उभं राहून? यास्काचं उत्तर असं की कुणी पसरली नसेल, तरी दिसायला रुंद आहेच ना. ताईंना हवी ती पृथ्वी पानावर राहिली.

परिणाम

व्युत्पत्तीबद्दल तक्रार एकही आली नाही. तक्रारी आल्या त्या फुलीबद्दल. फुली दिसली की पानाच्या तळाशी टीप असणार, अशी वाचकांची सवय. टीप नाही, तेव्हा ती छापायची राहिली असं समजून तिघांनी विचारणा केली. फुलीचा खुलासा सरांच्या मूळ मसुद्यात होता, जागेसाठी मीच कापला होता.

पुन्हा करायचं झालं तर

फुलीचा खुलासा ठेवेन आणि पंपा कापेन. 'फड'ला उत्तर देण्याआधी फणसाची आठवण ठेवेन. आणि धातूंची तुलना पहिल्याच दिवशी करेन. साक्षीदार मोजण्यात दोन दिवस गेले, पण निकाल लावला स्वराच्या जागेने, आणि ती पाच मिनिटांत दिसली असती.

सगळ्यात मोठी चुकामूक वेगळीच. महिन्याभराने एका शेतकरी वाचकाचं कार्ड आलं: "फील्ड आमच्या कामाचा नाही. आमच्या बोलण्यात एकर असतो. तो कुठला?"

संस्कृतशी नातं असलेला जमिनीचा जर्मानिक शब्द आम्ही चार दिवस शोधत होतो, आणि तो हाच. इंग्रजी 'एकर', गॉथिक 'अक्र्स', लॅटिन 'आगेर', ग्रीक 'अग्रोस' आणि ऋग्वेदातला 'अज्र' हा एकच शब्द आहे, प्रत्ययासकट. युरोपात त्याचा अर्थ नांगरलेली जमीन झाला. वेदात अर्थ आहे सपाट मोकळं मैदान, म्हणजे पुन्हा माळच. आपल्याकडे 'अज्र' बोलण्यातून गेला, आणि तोच शब्द इंग्रजांबरोबर एकर होऊन परत आला.

कार्ड सरांकडे पाठवलं. पुढच्या पानाचा मसुदा त्यांनी त्याच संध्याकाळी धाडला. पहिलं वाक्य होतं, 'एकर हा संस्कृतपासून आला.' 'पासून'वर त्यांनीच पेन्सिलीने गोल केला होता.